नर्सिंग संशोधन समिती म्हणजे नुसते कागदी घोडे?

'नर्सचं काम पेशंट सांभाळणं, संशोधन डॉक्टरांनी करावं. एथिक्स कमिटी असताना नर्सिंगची वेगळी संशोधन समिती म्हणजे मानांकनासाठी नाचवलेले कागदी घोडे, आणि त्यापायी वॉर्ड ओस पडतो.' अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतोय. ही समिती म्हणजे रुग्णालयातल्या नर्सचाच गट, वॉर्डातले अभ्यास आणि कामाच्या पद्धती तपासणारा. एकेक मुद्दा घेऊ.

संशोधन डॉक्टरांनी करावं? हातातली सलाइनची सुई नीट चालत असली तरी तीन-चार दिवसांनी बदलायची, हा नियम अनेक रुग्णालयांत वर्षानुवर्षं पाळला गेला. शीर सापडत नाही, पेशंट हात मागे ओढतोय, तरी पुन्हा टोचा. हा नियम मोठ्या चाचणीत तपासला ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकर्ड या नर्स-संशोधिकेच्या गटाने. ३२८३ पेशंट, निष्कर्ष २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मुदत पाळून सुई बदललेल्यांत शिरेला सूज आली ७ टक्के जणांना. गरजेपुरतीच बदललेल्यांतही ७ टक्केच.

पण निबंध छापून आला म्हणून वॉर्डातली सवय सुटत नाही. समितीचं खरं काम इथून सुरू होतं. ते पेशंट आणि आपले पेशंट सारखे आहेत का? मुदत काढून टाकली तर दर पाळीला सुईची जागा बघणं आलं: लाली, सूज, दुखणं. त्याची नोंद कुठे करायची, नव्या मुलींना कोण शिकवणार, सहा महिन्यांनी आकडे कोण मोजणार? एवढं ठरवल्याशिवाय नियम बदलणं धोक्याचंच.

एथिक्स कमिटी आहेच की! आहे, आणि तिची परवानगी लागतेच. पण तिचा भर पेशंटची संमती, धोका, गोपनीयता यांवर. बारा पानी प्रश्नावली रात्रपाळीची एकटी सिस्टर कधी भरणार, एकाच पेशंटकडे तीन अभ्यासांची माणसं येताहेत का, हे वॉर्ड माहीत असलेल्यांनाच सुचतं. अशा वेळी प्रस्ताव परत पाठवणं हीसुद्धा समितीची कामगिरीच.

कागदी घोडे? काही ठिकाणी खरंच तसं आहे. तपासणी आली की जागी होणाऱ्या समितीची टिंगल व्हायलाच हवी. इतिवृत्त मागवा आणि पाहा, वर्षभरात वॉर्डातली कोणती पद्धत बदलली किंवा बंद झाली.

राहिला वेळेचा मुद्दा. बैठक सुट्टीच्या दिवशी लावली, किंवा वॉर्डात बदली माणूस दिला नाही, तर तो दोष व्यवस्थापनाचा. बाकी नर्सवर कामाचा बोजा आहे यात दुमत नाही. त्याचा ठोस पुरावा मात्र लिंडा एकन यांच्या २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात मिळतो: एका नर्समागे एक पेशंट वाढला, की शस्त्रक्रियेच्या पेशंटना दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू ओढवण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली. आणि एकन स्वतः नर्स आहेत.