काचेत फटी नसतात: फिरत असलेल्या एका 'विज्ञान' फॉरवर्डला उत्तर

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: काचेचे अणू विरळ, म्हणून प्रकाश फटींतून आरपार जातो, धातूचे अणू दाट, म्हणून तो अडतो, गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश परतवतो, खडबडीत शोषतो. पहिली दोन विधानं साफ चूक, तिसरं अर्धवट.

'प्रकाश फटींतून जातो'

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. घन पदार्थात शेजारच्या अणूंमधलं अंतर ०.२-०.३ नॅनोमीटर. एका तरंगाच्या लांबीत हजाराहून जास्त अणू ओळीने मावतात. फटीतून निसटणार कसा? दाटीच बघायची तर हिरा आणि ग्रॅफाइट घ्या. दोन्ही निव्वळ कार्बन. हिऱ्याची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) ३.५, ग्रॅफाइटची सुमारे २.२. दाट तो पारदर्शक, विरळ तो काळा!

खरा हिशेब ऊर्जेचा आहे. इलेक्ट्रॉनला वरच्या रिकाम्या पातळीवर उडी मारायला लागते तेवढी ऊर्जा प्रकाशकणाकडे असली, तरच तो शोषला जातो. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या छोट्या एककात मिळते: लाल टोकाला १.८, जांभळ्या टोकाला ३.१. हिऱ्यात उडी ५.५ ची, शुद्ध सिलिका काचेत सुमारे ९ ची. दृश्य प्रकाशाचा एकही कण तिथवर पोचत नाही, म्हणून सगळे पुढे निघून जातात. सिलिकॉनची घनता २.३३, म्हणजे खिडकीच्या काचेहून कमीच. पण उडी फक्त १.१ ची. त्याच्या चकतीतून काहीच दिसत नाही. मात्र साधारण ११०० नॅनोमीटरपुढचा अवरक्त प्रकाश तिच्यातूनच आरपार जातो, आणि अवरक्त कॅमेऱ्यांत सिलिकॉनची भिंगं बसवतात.

'धातू प्रकाश अडवतो'

अडवत नाही, बहुतेक परतवतो. आणि तेही दाटीमुळे नव्हे. ॲल्युमिनियमची घनता २.७, काचेच्या आसपासच. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर डोलतात, त्यातून उलट दिशेने लाट निघते. आत शिरलेला प्रकाश काही दशक नॅनोमीटरांत विझतो, म्हणून आरशाला सुमारे १०० नॅनोमीटरचा थर पुरतो. सोन्यात निळ्या कणांची ऊर्जा आतल्या इलेक्ट्रॉनांना उडी मारायला पुरते. निळा गिळला जातो, पिवळा परततो. चांदीत तीच उडी सुमारे ४ ची, थेट अतिनीलात, म्हणून चांदी पांढरी.

'खडबडीत पृष्ठभाग शोषतो'

काचेची भुकटी पांढरीशुभ्र दिसते. शोषण वाढलेलं नसतं. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४% प्रकाश परतवतो आणि भुकटीत असे असंख्य पृष्ठभाग असतात. पाणी ओता, हेच प्रमाण ०.४% च्या आसपास येतं आणि भुकटी धूसर होते. ग्लिसरीनचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) १.४७, काचेचा साधारण १.५. दोन्हींत फरक जितका कमी तितका प्रकाश कमी परततो, म्हणून त्यात ती जवळजवळ दिसेनाशी होते.

फॉरवर्डचं खरं ठरतं ते मुळात थोडंफार शोषणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत. चकचकीत ब्लेडांची थप्पी धारांच्या बाजूने पाहिली तर काळी दिसते. धारांमधल्या खाचांत प्रकाश आपटत आत जातो. दर आपटीला ४०% गेला, तर दहा आपटींनंतर १ टक्कासुद्धा उरत नाही.