इद्दत म्हणजे कोंडवाडा नव्हे

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की इद्दत, म्हणजे तलाक किंवा पतीच्या मृत्यूनंतर पुन्हा लग्न करण्याआधी मुस्लिम स्त्रीने पाळायची मुदत, ही केवळ गर्भ आहे की नाही हे पाहण्याची जुनी सोय असून सोनोग्राफीच्या काळात ती निरर्थक आहे, इद्दतीत बाईला अंधाऱ्या खोलीत कोंडण्याची आज्ञाच आहे आणि इद्दत संपली की नवरा पोटगीतून मोकळा होतो.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. गर्भवतीची इद्दत प्रसूतीपर्यंत असते आणि सहवासाआधीच तलाक झाला तर ती नसतेच, तेव्हा वंशाचा प्रश्न त्यात आहे हे उघड आहे. पण विधवा सत्तरीची असली किंवा सहवासाआधीच विधवा झाली, तरी तिला चार महिने दहा दिवस इद्दत आहेच. ती शोकाची मुदत आहे. तलाकनंतरची इद्दत समेटासाठीही असते, कारण पहिल्या दोन तलाकांनंतर त्या मुदतीत पती तिला परत नांदवू शकतो; म्हणूनच कुराणातील सूरह तलाक हा अध्याय तिला घराबाहेर काढायला मनाई करते.

दुसऱ्या विधानाने मला वेदना होतात, कारण तसे घडते. माझी खाला (मावशी) इद्दतीत बसली तेव्हा खिडकीला चादर लावली होती आणि पेन्शनच्या कागदावर सही करायलाही तिला जाऊ दिले नाही. मात्र ही रूढी आहे. विधवेने साजशृंगार आणि सुगंध टाळावा हे खरे, पण गरजेसाठी दिवसा बाहेर पडून रात्री घरी परतण्याची मुभा तिला हनफी फिकह, म्हणजे हनफी पंथाचे धर्मशास्त्रही देते. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात तर पैगंबरांचे सहकारी जाबिर यांच्या तलाकशुदा मावशीची हकीकत आहे: ती इद्दतीत खजूर तोडायला निघाली, एकाने तिला दटावले, तेव्हा पैगंबरांनी तिला जाऊन खजूर तोडायला सांगितले, म्हणजे त्यातून तिला दानधर्मही करता येईल.

तिसरे विधान भारतात सरळ चुकीचे आहे. तलाकशुदा मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या 1986 च्या कायद्यात पोटगीबाबत ‘इद्दतीच्या मुदतीत’ हे शब्द आहेत. 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्थ असा लावला की तिच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद त्या मुदतीत करून द्यायची आहे. जुलै 2024 मध्ये त्याच न्यायालयाने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144) खाली पोटगी मागण्याचा मार्गही तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला खुला असल्याचे स्पष्ट केले. इद्दतीच्या सुमारे तीन महिन्यांचे पैसे हातावर ठेवून हिशेब मिटला म्हणणाऱ्याला ती न्यायालयात खेचू शकते.