खुलासा : ‘कर्जामुळे फक्त चार टक्के’ या मेसेजबद्दल

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: देशात कर्जापायी फक्त चार टक्के आत्महत्या होतात, दसऱ्याला शोरूमसमोर रांगा लागतात, म्हणजे पैशांची अडचण हे निव्वळ ढोंग.

आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात ‘दिवाळखोरी किंवा कर्ज’ हे कारण चारेक टक्क्यांच्या आसपासच आहे. पण पोलीस नोंदीत प्रत्येक मृत्यू एकाच मुख्य कारणाखाली जातो. ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्यात जवळपास 32 टक्के आहेत. हप्ते थकल्यावर घरात होणारी भांडणं कुठल्या रकान्यात जात असतील? त्याच अहवालात आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं, आणि पाव हिश्श्याहून अधिक लोक रोजंदारीवर होते. मेसेजमध्ये हे सोयीस्करपणे गाळलंय.

राहिली शोरूमची रांग. ती बघून लासलगावला कांदा पडत्या भावात विकून आलेल्या माणसाचं घर कळत नाही. त्यातल्या कित्येक गाड्या कर्जावरच जातात. हात आखडला की आधी कपडे, मग दवाखाना मागे पडतो. हे दुकानाबाहेर उभं राहून दिसत नाही.

‘सगळं कर्जामुळेच’ हेही खरं नाही. आजार, व्यसन, एकटेपणा एकमेकांत गुंततात. पण गेलेल्या माणसाला ढोंगी ठरवणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. कुणी खचलेलं दिसलं तर थेट विचारा, सोबत बसा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो.