मोज्याला गाठ मारली की झालं म्हणे!

थंडी पडायला लागली की आमच्या बेळगावच्या बायकांच्या ग्रुपांवर तोच मेसेज परत फिरालाय. हातानं विणलेल्या मोज्याचं फिनिशिंग पाच मिनिटांचं काम, बोटांकडचे टाके मिटवून शिवून टाका, दोऱ्याला दोन गाठी मारून कापा, वरचा काठ घट्ट मिटवा म्हणजे मोजा घसरत नाही, शेवटी गरम इस्त्री फिरवा. आणि खाली शेपूट, किचनर स्टिच, म्हणजे उघडे टाके सुईनं जोडायची रीत, लॉर्ड किचनरनं स्वतः शोधली, ती फक्त मिलिटरीच्या बुटाला, घरच्यांना कशाला. चौघींनी मला विचारलं म्हणून लिहालोय.

आधी शेपूट. किचनर 1902 ते 1909 हिंदुस्थानचा जंगी लाट म्हणजे सरसेनापती होता, पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा युद्धमंत्री झाला, 1916 ला बोट बुडून मेला. सैनिकांसाठी मोजे विणा असं तेव्हा तिकडं घराघरात चाललेलं, त्यात त्याचं नाव त्या टाक्याला चिकटलं. पण त्यानं सुई हातात धरून शोध लावला ह्याला पुरावा काय नाही, आणि उघडे टाके एकमेकाला जोडायची रीत त्याच्या आधीपासनं होती.

आता बोटांकडचं, खरी गोष्ट इथंच आहे. टाके मिटवून शिवलं की आत एक कड उभी राहते, झोपताना घालायच्या मोज्याला ती चालतेय, पण बुटात दिवसभर बोटांवर तीच कड घासते. आमच्या घरातला एक पोरगा पल्टणीत आहे, माझ्या आत्यानं त्याला असेच मोजे पाठवलेले, करंगळीला फोड घेऊन सुट्टीवर आला बिचारा! किचनर म्हणजे दोन सुयांवरचे टाके बोथट सुईनं असे जोडायचे की मधी विणीचीच एक ओळ तयार होते, कडच नाही. साधारण आठ-आठ टाके उरले की धागा शिवणीच्या रुंदीच्या चौपट ठेवून कापा. सुरुवातीला पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात उलट घालून ठेवा, मागच्यात सुलट घालून ठेवा, मग पाठ करा: पुढं सुलट काढ, उलट ठेव, मागं उलट काढ, सुलट ठेव. काढ म्हणजे धागा ओवून टाका सुईवरनं उतरव, ठेव म्हणजे पुढच्या टाक्यात ओवून तो सुईवरच राहू दे. मी अजून तोंडानं म्हणत करते, मधी कुणी चहा विचारला की गेलंच सगळं. धागा लगेच आवळू नका, शेवटी सुईच्या टोकानं एकेक टाका सारखा करा.

हां, किचनर जमतच नसेल तर आठच टाके उरेपर्यंत कमी करत जा, दोरा सगळ्यातनं ओवून बटव्यासारखं आवळा. तेही बरं, कड येत नाही.

गाठ कशाला नको? पायाखाली आली की खडा टोचल्यासारखी टोचते, आणि चालून-चालून सुटली की तिथं भोक. टोक आतल्या बाजूनं टाक्यांच्या वाटेनंच पाच-सहा सेंटीमीटर ओवा, मग दिशा बदलून परत थोडं. अक्रिलिक घसरतंय म्हणून त्याला जास्त ओवा. पहिली धुणी होईपर्यंत बोटभर शेपूट राहू दे, मग कापा.

वरचा काठ घट्ट केला तर मोजा घसरत नाही हे साफ चूक, तो पायात जातच नाही की! टाचेचा घेर घोट्यापेक्षा मोठा, काठ तिथनं जायला ताणला पाहिजे. मोजा धरून ठेवतात दोन सुलट-दोन उलटच्या पट्ट्या, आणि पायापेक्षा थोडा कमी घेतलेला घेर. मोजा बोटांकडनं वर विणत आणला असेल तर काठ मिटवताना एक-दोन नंबर जाड सुई घ्या, बास.

इस्त्रीचं तर विचारूच नका. गल्लीतल्या दुकानात वूल म्हणून मिळतंय ते बहुतेक अक्रिलिकच, गरम इस्त्री टेकली की त्याचा ताण मरतो, मोजा फडक्यासारखा लोंबतो, परत येत नाही. खात्री नसेल तर धाग्याचा तुकडा जाळून बघा, केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर अक्रिलिक. खरी लोकर गरम पाण्यात चोळली तर आटून नमदा होते, म्हणजे घट्ट जाड गोळा. दोन्हीला कोमट पाणी, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, आकार देऊन सावलीत पसरायचं. खानापूर-जांबोटीकडच्यांनी पावसात हे धुवायला काढूच नका, चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतोय.