ग्राइंडर खाली ठेवा

जुन्या मोटारसायकली गंजून मरतात असा आपला समज आहे. मला तो पटत नाही. वीस वर्षं खुराड्याशेजारी उभी राहून गंजलेल्या गाडीतही परत रस्त्यावर येण्याइतका जीव असतो. तिला खरं संपवतो तो ग्राइंडर. मागची फ्रेम कापायची, मूळ मडगार्ड भंगारवाल्याला द्यायचं, लांब सीट काढून वीतभर गादी ठोकायची, सायलेन्सरला पट्टी गुंडाळायची, वरून काळा मॅट रंग मारायचा. झाली 'कॅफे रेसर'. फोटो झकास येतो. मागे बायकोला बसवून बाजारात कसं जायचं, हे कुणी विचारत नाही.

मॉडिफिकेशनवर माझा राग नाही. माझ्या स्वतःच्या येझदीत कंपनीने न दिलेल्या बऱ्याच गोष्टी आहेत. पण त्या करताना मी एक रेघ आखून घेतली आहे. जे पान्याने खोलता येतं आणि पान्यानेच पुन्हा जसंच्या तसं बसवता येतं, ते खुशाल बदला. जे कापावं लागतं, वेल्डिंग करावं लागतं, घासून नाहीसं करावं लागतं, त्याला हात लावू नका. तुमच्यानंतर ती गाडी कुणाच्या तरी हाती जाणार आहे. तुमची हौस त्याने जन्मभर का वागवायची?

माझी गाडी मूळची मामांची. येझदी २५०, आता पन्नाशीला टेकलेली. नवी पोरं जिला येझदी म्हणून ओळखतात ती २०२२ मध्ये बाजारात आलेली. नाव तेच, पण ती फोर-स्ट्रोक, आणि तिचा जुनीशी एक नटही जुळत नाही. जुनी बनली म्हैसूरला, आयडियल जावाच्या कारखान्यात. इराणी कुटुंबाने १९६० मध्ये ही कंपनी काढली, चेक कंपनीच्या परवान्यावर आधी जावा बनवली आणि सत्तरच्या दशकात त्याच गाड्या येझदी या नावाने यायला लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे कंपनीचा म्हणून जो माल आहे तो तेव्हापर्यंत बनलेलाच. त्यातलं जे तुम्ही कापून फेकलं, ते जगातून एकाने कमी झालं. नक्कल केलेले पार्ट मिळतात, पुण्याच्या नाना पेठेत फिरलात तर पोतंभर मिळतील. पण नकली मडगार्डाचा पत्रा हाताने दाबला तरी चेपतो, आणि नकली गिअर शाफ्टबद्दल न बोललेलं बरं.

ही गाडी ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. किक आणि गिअरला मिळून एकच दांडा; तो आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. गिअर टाकायला पायाने दांडा हलवला की क्लच आपोआप सुटतो, हाताने दाबायची गरज नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत हे होतं! आणि आपले कित्येक मेकॅनिक इंजिन उघडलं की पहिल्यांदा ही आपोआप क्लचची व्यवस्था काढून टाकतात, कारण ती जुळवायला वेळ लागतो. गिऱ्हाइकाला कळतही नाही.

घरच्या शेडमध्ये काम करण्याचा खरा फायदा इथे आहे. घाई नसते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात गाडी बाहेर काढायचीच नसते, त्यामुळे पत्र्याखाली बसून एकेक स्क्रू सोडवत बसायला हरकत नसते. जुन्या इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटत नाहीत, त्यांची डोकी घासतात. आदल्या रात्री रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवायचा आणि सकाळी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर वापरायचा. प्रत्येक वायरचा, प्रत्येक वायसरचा फोटो काढायचा. सुटलेले स्क्रू एकाच डब्यात टाकायचे नाहीत; पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जिथला स्क्रू तिथेच खोचायचा, कारण त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी आवळला की केस फुटते.

टाकीच्या आतल्या गंजासाठी महागडी औषधं आणायची गरज नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी भरून ठेवली की गंज सुटतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवायची, पटकन पूर्ण वाळवायची आणि लगेच आत टूटी तेल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) फिरवायचं. हे 'लगेच' महत्त्वाचं. उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबडा व्हायला लागतो.

इंजिनाच्या बाबतीत लोक रिंगा आणि पिस्टनवर पैसे घालतात आणि ऑइल सील विसरतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँक फिरते ती पेटी, हवाबंद असणं हाच अर्धा खेळ आहे, कारण मिश्रण आधी तिथे येतं, दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. डाव्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतं. पांढरा धूर आणि दर महिन्याला कमी होणारं तेल ही त्याची खूण. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस धरते आणि एखाद्या उन्हाळ्यात घाट चढताना पिस्टन चिकटतं. त्यानंतर 'या गाड्या आताच्या पेट्रोलवर टिकत नाहीत' असं म्हणायला सगळे मोकळे.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा, मात्र घरी करू नये. ते लेथवाल्याचं काम. आमच्याकडे उद्यमनगरात अजून असे मिस्त्री आहेत जे प्रेसवर क्रँक उघडतात, नवा कनेक्टिंग रॉड घालतात आणि डायल लावून दोन्ही बाजू एका रेषेत आणतात. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सूतभराचा वाकडेपणा काढताना त्यांना बघणं हा शिकण्याचा भाग आहे. बेअरिंग मी घरी बसवतो. तिथे ठोकाठोक करायचीच नसते. केस अ‍ॅल्युमिनियमची, ती तापली की लोखंडापेक्षा जास्त फुगते. केस गरम आणि बेअरिंग थंड असलं की ते नुसत्या अंगठ्याने दाबून बसतं. आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी बेअरिंग दिसल्यावर बायको काही बोलली नाही. केकचा ओव्हन मागितला तेव्हा मात्र बोलली. हीट गनवर भागवलं.

आता बदलांकडे येतो. माझ्या गाडीला मुळात सहा व्होल्टचा डायनॅमो. त्या दिव्यात रात्री समोरचा खड्डा दिसायच्या आधी जाणवायचा. आता बारा व्होल्टचं किट आहे, ठिणगी पाडणारे जुने पॉइंट आणि कंडेन्सर जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलंय. हेडलाइटची काच आणि रिंग जुनीच, आत बल्ब नवा. पेट्रोलच्या नळीत फिल्टर. टायर आणि ब्रेकचे लायनर आजचे. मूळ डायनॅमो, रेग्युलेटर, पॉइंट प्लेट हे सगळं तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून ट्रंकेत ठेवलंय. उद्या कुणाला गाडी कंपनीसारखी करायची झाली तर एका दिवसाचं काम आहे. टूटी तेलाचंही तसंच: पूर्वी लिटरला ४० मिली टाकायचो, आताची तेलं चांगली आहेत म्हणून ३० वर आलोय, धूर कमी झालाय. कमी झालाय म्हणतो, गेला म्हणत नाही. टू-स्ट्रोक हे धुरकट यंत्र आहे आणि ते रोज ऑफिसला न्यायचं यंत्र राहिलेलं नाही, हे आपण हौशी लोकांनी मान्य करायला हवं.

सायलेन्सरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते. येझदीच्या सायलेन्सरमधली जाळीची नळी काढली की आवाज फुटतो आणि पोरांना वाटतं गाडीला ताकद आली. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात; पिस्टनच वरखाली होताना पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, उघडतो आणि झाकतो. जळालेला धूर बाहेर पडत असतानाच खालून नवं मिश्रण आत येत असतं आणि त्यातलं काही धुराबरोबर निसटून जातं. सायलेन्सरचा आकार आणि आतले अडसर यांच्यामुळे दाबाची लाट उलटी फिरते आणि निसटणारं मिश्रण काही अंशी अडवते. म्हणजे टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे, जो बाहेर टांगलाय. तो उघडा केला की कमी वेगातली ओढ जाते आणि पेट्रोल जास्त पितं. आमचे मिस्त्री एका पोराला म्हणाले होते, "आवाज वाढलाय भावा, गाडी न्हाई पळत त्येनं."

कायद्याचं बोललं की लोक कंटाळतात, पण हे माहीत हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जे मूळ ठरवलंय त्याच्याशी विसंगत बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. नवा बल्ब घातला म्हणून तुम्हाला कुणी तुरुंगात टाकणार नाही, पण कापलेली फ्रेम पासिंगच्या वेळी डोळ्यात येते. दुसरी गोष्ट जास्त कामाची. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळू शकतो, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. रोजच्या वापराला मात्र ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. त्यामुळे मी अजून त्या वाटेला जायचं ठरवलेलं नाही. मला रविवारी सकाळी गाडीवरून मिसळ खायला जायचं असतं, आणि ती नियमात बसत नाही.

फ्रेम पावडर कोटिंगला देणाऱ्यांनी एवढं करा: चेसिस नंबरवर टेप लावून घ्या आणि सँडब्लास्टिंगवाल्याला समोर उभं राहून सांगा. नंबर बुजला की आरटीओत पेन्सिल प्रिंट येत नाही, आणि मग तुमची गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत तुम्हाला फिरावं लागतं.

एवढं वाचून जुन्या गाड्यांचे कट्टर भक्त खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही माझं भांडण आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात. तिथे हल्ली आरशासारख्या गाड्या येतात, क्रोम इतकं की डोळे दिपावेत. विचारलं तर कळतं, मूळ रंग चांगला होता, टाकीवरची हाताने मारलेली सोनेरी रेघही शाबूत होती, तरी सगळं घासून नवा रंग दिला, कारण 'शोरूम कंडिशन' हवी होती. हे ग्राइंडरपेक्षा फार वेगळं नाही. हाताने रेघ ओढणारा तो कारागीर आता कुठून आणणार? स्टिकर लावलाय तिथे. मामांच्या गाडीच्या टाकीवर गुडघे घासून रंग उडालाय, दोन्ही बाजूंना, अगदी सारखा. मी तिथे फक्त मेण लावतो. रॅलीत एक सद्गृहस्थ ते बघून म्हणाले, "रंगाचं काम राहिलंय वाटतं अजून." मी हो म्हणालो. रविवारी सकाळी कुठे वाद घाला.

पैशाचं विचाराल तर हा धंदा नाही. व्हिडिओ बघून लोकांनी भाव असे चढवलेत की भंगार सांगाडाही लोक सोन्याच्या भावाने सांगतात. त्यात क्रँक, बोअर, क्रोम, टायर, वायरिंग धरलं तर विकताना खर्च निघणं कठीण, आणि तुमच्या वेळेचे पैसे तर कुणीच देत नाही. विकायला म्हणून गाडी उभी करणारा माणूस ऑइल सील बदलत नाही, टाकी चमकवतो. घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून टाकीकडे बघायच्या आधी गाडी दहा मिनिटं चालू ठेवावी आणि धुराचा रंग बघावा.

आता एक काम आहे. मामांच्या गाडीच्या उजव्या सायलेन्सरमधली मूळ नळी मामांच्याच पोराने कॉलेजात असताना काढून फेकली होती. तो आता पुण्यात बँकेत आहे आणि विचारलं की हसतो. कुणाच्या माळ्यावर, शेडमध्ये, गॅरेजच्या कोपऱ्यात येझदी २५० ची तशी नळी पडलेली असेल तर मेसेज करा. नवी बनवलेली नको. गंजलेली, चेपलेली चालेल, कापलेली नको. कोल्हापूर, सांगली, सातारा कुठेही असली तरी मी स्वतः येऊन घेऊन जाईन.