न लिहिलेल्या रिव्ह्यूचा आरोप
म्हापसा-पर्वरीच्या पोरांच्या गेमिंग ग्रुपांवर सध्या एक मराठी मेसेज फिरतोय. भाच्याने तो मलाही पाठवला, ‘मामा, हे वाच’ म्हणून. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. २०१४ साली एका महिला डेव्हलपरने पत्रकाराशी संबंध ठेवून आपल्या गेमचा चांगला रिव्ह्यू मिळवला. त्याविरुद्ध उठलेली ‘गेमरगेट’ चळवळ पत्रकारितेतल्या सचोटीसाठी होती. गेमवर लिहिणारे सगळेच कंपन्यांना विकले गेलेत. म्हणून विश्वास ठेवायचा तर यूट्यूबरांवरच.

पहिली गोष्ट घडलेलीच नाही. डेव्हलपरचं नाव झोई क्विन, गेम ‘डिप्रेशन क्वेस्ट’. नैराश्याने घेरलेल्या माणसाचे दिवस वाचत वाचत खेळायचा हा गेम फुकट मिळत होता. ज्या पत्रकाराकडे बोट दाखवलं गेलं तो ‘कोटाकू’ या गेमविषयक संकेतस्थळावर होता आणि त्याने या गेमचा रिव्ह्यू कधी लिहिलाच नाही. संपादक स्टीफन टोटिलो यांनी छाननी करून ऑगस्ट २०१४ मध्येच ते जाहीर केलं होतं. क्विन यांच्याबद्दल त्याने ‘कोटाकू’त लिहिलेला लेख एकच, ३१ मार्चचा, फसलेल्या एका रिअ‍ॅलिटी शोविषयी. दोघांचे संबंध त्यानंतर जुळले. आरोपाचं मूळ होतं क्विन यांच्या माजी जोडीदाराने रागात लिहिलेला एक लांबलचक मजकूर.

आपल्याकडे कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेचा निकाल लागला की परीक्षकांबद्दल कुजबुज होतेच. काही वेळा चौकशी व्हायलाही हवी. पण ज्याने ते नाटक पाहिलं नाही, गुणपत्रिकेला हात लावला नाही, त्याने गुण वाढवले असं फोंड्यातला कुठलाही नाटकवेडा म्हणणार नाही. इथे तेच म्हटलं जातंय, इतकी वर्षं.

दुसरी गोष्ट. त्या गर्दीत सचोटीची खरी चाड असलेले लोक होते, हे मी मान्य करतो. त्याच महिन्यात ‘कोटाकू’ने आपल्या लेखकांना पॅट्रिऑनवरून (निर्मात्यांना लोक थेट पैसे देतात ती साइट) डेव्हलपरांना पैसे द्यायला मनाई केली, ही चांगलीच सुधारणा होती. पण राग कुणावर निघाला ते पाहा. क्विन यांना बलात्काराच्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, घर सोडावं लागलं. ऑक्टोबरमध्ये डेव्हलपर ब्रियाना वू यांच्यावर तीच पाळी आली. समीक्षक अनिता सार्कीशियन यांचं युटा स्टेट युनिव्हर्सिटीत व्याख्यान होतं. सामूहिक हत्याकांडाची धमकी आली आणि तिथल्या कायद्यामुळे श्रोत्यांना बंदुका आणण्यापासून अडवता येत नव्हतं, म्हणून ते रद्द झालं. जाहिरातीचा पैसा ज्यांच्या हातात असतो त्या मोठ्या प्रकाशक कंपन्यांना असं काही सोसावं लागलं नाही.

तिसऱ्या दाव्यात एक खरा धागा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. नोव्हेंबर २००७ मध्ये जेफ गर्स्टमन यांनी ‘गेमस्पॉट’वर ‘केन अँड लिंच’ला दहापैकी सहा गुण दिले. त्याच संकेतस्थळावर त्या गेमच्या जाहिराती झळकत होत्या. गर्स्टमन यांची नोकरी गेली. २०१२ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं की जाहिरातदारांच्या नाराजीचा दबाव त्यामागे होता. रोग आहेच. पण गुण वाढवायला नकार देणारा माणूसही पत्रकारच होता, आणि त्याच्यापाठोपाठ काही सहकाऱ्यांनीही ‘गेमस्पॉट’ सोडलं. २०१५ मध्ये ‘कोटाकू’ने सांगितलं की फुटलेल्या बातम्या छापल्यामुळे बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या कंपन्यांनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलंय. विकत घेतलेल्या माणसावर कुणी बहिष्कार टाकतं का?

पैशापेक्षा मला जास्त भीती वाटते ती अटींची. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ची प्रत परीक्षकांना आधी फक्त पीसीवर मिळाली आणि स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायलाही बंदी होती. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर, गेम इतका मोडका निघाला की आठवड्याने सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. तोवर कित्येकांनी पैसे भरले होते. यात लाच कुणी घेतली नव्हती.

आणि यूट्यूबर? ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’साठी वॉर्नर ब्रदर्सने २०१४ मध्ये यूट्यूबरांना शेकडो डॉलरपासून काही दहा हजार डॉलरपर्यंत पैसे दिले. अट अशी की गेमबद्दल चांगलंच बोलायचं, दोष दाखवायचे नाहीत. पैसे घेतल्याचा उल्लेख बहुतेकांनी व्हिडिओखालच्या मजकुरात, ‘अजून दाखवा’ दाबल्याशिवाय दिसणार नाही असा लपवला. त्यांत प्रसिद्ध यूट्यूबर प्यूडीपायही होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये हे प्रकरण निकाली काढलं. त्याच वर्षी दोन यूट्यूबर एका स्किन-जुगाराच्या (गेममधल्या शस्त्रांच्या सजावटी पणाला लावायच्या) साइटची जाहिरात करताना सापडले, आणि ती साइट त्यांचीच होती. मांडवीतल्या कसिनोत जिंकल्याचा आनंद कुणी व्हिडिओत दाखवावा आणि बोट आपलीच आहे हे सांगू नये, तसं हे.

भारतात केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा फुकट वस्तू घेतल्याचं ठळक सांगावं लागतं. चार-पाच हजारांचा गेम घेण्याआधी ते शोधायचं, मग बोलणारा यूट्यूबर असो की वार्ताहर.

भाच्याला मी एवढंच लिहिलं: मेसेज ज्या ग्रुपांवर पाठवलास, त्याच ग्रुपांवर आता ३१ मार्चची तारीखही टाक.