रोमन बायकांच्या अश्रूंच्या बाटल्या आणि बाकीच्या थापा

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, तुमच्याकडेही आला असेलच. इंद्रधनुष्यासारखी चमचमणारी चिमुकली काचेची बाटली, आणि खाली ठोकून दिलंय की रोमन काळात काच सोन्यापेक्षा महाग होती, युद्धावर गेलेल्या नवऱ्यासाठी बायका या बाटल्यांत अश्रू साठवायच्या, हे रंग बनवायची विद्या पुढे लुप्त झाली, आणि न फुटणारी काच शोधणाऱ्या कारागिराचं मुंडकं टायबेरियस बादशहानं उडवलं. एकेक घेऊ.

सोन्यापेक्षा महाग? फुंकून काच फुगवायची युक्ती निघाली इसवीसनपूर्व पहिल्या शतकात, सीरिया-पॅलेस्टाईनच्या पट्ट्यात. त्याआधी काचेचं भांडं म्हणजे साच्यात नाहीतर मातीच्या गाभ्याभोवती घडवत बसायचं किचकट काम, त्यामुळे महाग, इथपर्यंत मान्य. पण नळीच्या टोकाला वितळलेला गोळा घेऊन फुंकायला लागल्यावर बाटली काही मिनिटांत व्हायला लागली आणि भाव धाडकन खाली आले. स्ट्रॅबो हा ऑगस्टस बादशहाच्या काळातला ग्रीक भूगोलकार सरळ लिहितो की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो. पुढे ३०१ साली डायोक्लेशियन बादशहानं मालाचे कमाल भाव ठरवून जाहीर केले, त्यात हिरवट छटेची साधी काचेची भांडी एका रोमन पौंडाला, म्हणजे अंदाजे सव्वातीनशे ग्रॅमला, २० दिनार आहेत, आणि त्याच यादीत शेतमजुराची रोजची मजुरी जेवण धरून २५ दिनार. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीत पेले-वाट्या घेऊन वर चिल्लर उरायची. सोनं कुठून आलं यात? चैनीचे पीस होते की, नीरो बादशहाच्या काळात दोन छोटे पेले ६००० सेस्टर्सना (रोमन नाणी) विकले गेले असं प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, पण तसल्या दोन पेल्यांवरून अख्ख्या रोमचं स्वयंपाकघर ठरवायचं नसतं.

आणि फुटक्या काचेचं काय करायचे? मार्शल नावाच्या कवीनं टायबर नदीपलीकडच्या फेरीवाल्याची टिंगल केलीय, जो फुटकी काच घेऊन बदल्यात गंधक लावलेल्या काड्या द्यायचा. आपल्या बोहारणीसारखाच धंदा! गोळा केलेली काच परत भट्टीत जायची. इटलीत ग्रादोजवळ बुडालेल्या एका रोमन जहाजात तर पिंपभर फुटक्या काचा सापडल्यात, भंगार म्हणून चाललेल्या.

आता अश्रू. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते कारण ती ऐकायला इतकी गोड आहे की कुणी बाटलीकडे नीट बघतच नाही. या कुप्यांचं तोंड बोटभर, मान लांब आणि बारीक, काठ बऱ्याचदा आत दुमडलेला. हा आकार आतलं तेल किंवा अत्तर एकेक थेंब बाहेर पडावं म्हणून केलेला आहे, गालावरून ओघळणारं पाणी आत घ्यायला नाही (घेऊन बघा एकदा, निम्मं हनुवटीवर जाईल). कुप्या थडग्यांत भरपूर सापडतात हे खरं, कारण प्रेताला सुगंधी तेलं लावायचे. पण पॉम्पेई या रोमन शहरातल्या घरांतही त्या सापडतात, आणि आतल्या थराची तपासणी केली की तेलं, सुगंधी द्रव्यं, मेकअपचं सामान निघतं. अश्रूंची कल्पना नंतरच्या युरोपातल्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या हौशी मंडळींनी चिकटवली, बायबलच्या एका स्तोत्रात ‘माझे अश्रू तुझ्या बुधलीत भर’ अशी ओळ आहे, तिचा आधार घेऊन.

स्पेनमधल्या कार्मोना गावी २०१९ मध्ये एक रोमन थडगं उघडलं. त्यातल्या एका काचेच्या अस्थिकलशात अस्थींबरोबर बूच लावलेली स्फटिकाची कुपी होती, आणि आत काय, तर पॅचुलीचं अत्तर, आपल्या पाचीच्या जातीतलंच. त्याच थडग्यातल्या दुसऱ्या काचेच्या कलशात जवळपास पाच लिटर वाईन, अजून द्रवरूपात! अत्तर आहे, दारू आहे, अश्रू मात्र नाहीत.

रोजच्या वापराचं म्हणाल तर याहून साधं आहे. हमामात जाताना तेलाची गोल काचेची बुधली साखळीनं लटकवून न्यायची, अंगाला तेल चोळायचं आणि वाकड्या धातूच्या पट्टीनं मळासकट खरवडून काढायचं. चौकोनी बाटल्या वेगळ्या, सपाट अंगाच्या, रुंद कानाच्या, खोक्यात एकमेकींना खेटून बसतील अशा. याच बाटल्या नंतर कित्येकांच्या अस्थी ठेवायला वापरल्या गेल्या.

इंद्रधनुषी रंगाची विद्या हरवली म्हणे. अहो, ती विद्या नव्हतीच. शेकडो वर्षं ओल्या मातीत पडून काचेतला क्षार झिरपून जातो, पृष्ठभागावर पातळ पातळ पापुद्रे तयार होतात आणि त्यावर प्रकाश फुटून रंग दिसतात. दुकानात होती तेव्हा ती बाटली बहुतेक निळसर हिरवी असणार, वाळूतल्या लोखंडामुळे.

राहिलं मुंडकं. टायबेरियसची गोष्ट प्लिनीनं दिलीय, पण त्याच्याकडे कारागिराचा कारखाना मोडला एवढंच आहे, आणि ही गोष्ट जितकी पसरलीय तितकी खात्रीची नाही हेही त्यानंच लिहून ठेवलंय. मुंडकं उडतं ते पेट्रोनियस या रोमन लेखकाच्या कादंबरीत, आणि तिथं ती सांगतोय कोण, तर ट्रिमाल्किओ, जेवणावळीत बढाया मारणारा नवश्रीमंत. गंमत म्हणजे गोष्ट सुरू करायच्या जस्ट आधी हाच गडी म्हणतो की मला काचेची भांडी आवडतात, त्यांना वास येत नाही, फुटत नसती तर सोन्यापेक्षा मी तीच घेतली असती, पण सध्या ती स्वस्त आहेत. फॉरवर्डवाल्यानं मुंडकं उचललं आणि हे वाक्य सोडून दिलं.